इंदूरच्या आसपास रोहू, कटला, मृगळ: गळाने मासे धरायला शिकताना

"ताई, गळाने मासे धरायला शिकायचंय, कुठली काठी घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या रविवारी काठी न्यायचीच नाही. बहुतेकांचा हिरमोड होतो, काही जण तिथेच नाद सोडतात. जे ऐकतात, त्यांना महिन्या-दोन महिन्यांत मासा लागतो.

माझे बाबा इंदूरच्या एका कापडगिरणीत होते. रविवारी पहाटे सायकलच्या दांड्याला दोन बांबूच्या काठ्या बांधायचे, हँडलला कणकेचा डबा, आणि मागे कॅरिअरवर मी. तळ्यावर पोचलं की ते लगेच गळ टाकत नसत. एक विडी संपेपर्यंत काठावर उभे राहून नुसतं पाणी बघायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. ते काय बघतात हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. हौदासारख्या शेततळ्यांत पैसे भरून मासे धरतात, त्याबद्दल हे नाही. नदी, जुना तलाव, धरणाचं फुगलेलं पाणी, जिथे मासा आपल्या मर्जीने फिरतो, तिथल्याबद्दल हे आहे.

पाणी कुणाचं आहे हे आधी विचारा

मोकळं दिसणारं पाणी मोकळं नसतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात गावतळ्यापासून मोठ्या जलाशयापर्यंत बहुतेक पाण्यांतला मासेमारीचा हक्क पंचायत किंवा मत्स्यखातं पट्ट्याने देतं, आणि तो बहुधा ढीमर, भोई, केवट मंडळींच्या सहकारी समितीकडे असतो. हे समजून घ्यायला एक गोष्ट माहीत हवी. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहणारं, चढणारं, गढूळ पाणी लागतं. पूर्वी मासे सोडायचे तर पुरातल्या नदीतून पिल्लं गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ ला ओडिशात हीरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि तेव्हापासून बीज हॅचरीत तयार होऊ लागलं. म्हणजे तुम्ही ज्या तलावाच्या काठी बसाल, तिथला रोहू बहुतेक वेळा कुणीतरी पदरचे पैसे घालून बोटाएवढा असताना सोडलेला असतो. त्या समितीच्या माणसाला न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडणं आहे. विचारलं तर बरेचदा हो म्हणतात, कधी थोडी रक्कम घेतात, कधी "दोन किलोपेक्षा लहान सोडून द्या" एवढीच अट घालतात. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघायचं.

तारखाही पाठ करून ठेवा. आपल्या राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. नदीशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी यातून सुटतात. कारण वर सांगितलं तेच: याच दिवसांत नदीतला मासा पोटात अंडी घेऊन पुराच्या पाण्यावर चढतो. मोडलं तर दंड आहे, तुरुंगवासही आहे. मला विचाराल तर मी जूनच्या पहिल्या तारखेपासूनच काठी माळ्यावर टाकते, कारण तेव्हा लागलेल्या प्रत्येक मादीचं पोट भरलेलं असतं.

शहरातलं सिरपूर आणि हातोदजवळचं यशवंतसागर, दोन्ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. सिरपूर पक्ष्यांसाठी आहे, तिथे दुर्बीण घेऊन जा, काठी घरी ठेवा. यशवंतसागर गंभीर नदीवरचं, होळकरांच्या काळात बांधलेलं, इंदूरला पाणी देणारं. सारस क्रौंचांची जोडी उथळ पाण्यात चालताना तिथे दिसते. तिथे परवानगीशिवाय आणि पाणवठ्याच्या आखून दिलेल्या हद्दीत मुळीच बसायचं नाही. कान्ह नदीचं नाव काढू नका. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या पाण्यातला मासा खाण्यालायक नसतो.

नवशिक्याला मी चोरलकडे पाठवते. खंडवा रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. धरणाचं पाणी पसरलेलं आहे, काठ उतरते आहेत, आणि विचारायला माणूस सापडतो. नर्मदा मात्र पहिल्या वर्षी नको. का, ते पुढे सांगते.

कोण कुठे खातो

बाजारात तीन मासे शेजारी ठेवलेले दिसले की त्यांची तोंडं बघा. सगळं शिक्षण तिथे आहे. कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने प्रचंड आणि खालचा जबडा वर वळलेला, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठांना बारीक झालर. तो मधल्या थरात फिरतो, शेवाळ आणि कुजका पाला कुरतडतो. मृगळ, म्हणजे आपल्याकडच्या बाजारातला नरेन, लांबट, रुपेरी, तोंड पूर्ण खालच्या बाजूला. तो तळाचा झाडूवाला. यांच्याबरोबर बाहेरून आणलेले तीन: चिखल उकरणारा सायप्रिनस, वनस्पती खाणारा गवत्या आणि चंदेरा. चंदेरा हिरवं पाणी गाळून जगतो, त्यामुळे गळाला क्वचितच येतो. त्याच्या मागे लागू नका.

दोन गोष्टी या सगळ्या घराण्याला सारख्या आहेत आणि दोन्ही गळवाल्याच्या कामाच्या. यांच्या जबड्यात दात नसतात, दात घशात असतात. मासा आमिष आधी पाण्यासकट ओढून घेतो, चाचपतो, टोचलं किंवा संशय आला की थुंकून टाकतो, पसंत पडलं तरच घशाकडे नेतो. म्हणून दांडी, म्हणजे दोऱ्यावरची तरंगणारी खूण, पहिल्यांदा हलली की ओढायचं नसतं. दुसरं, यांना जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे एका वेळी ढीगभर न खाता ते दिवसभर थोडं थोडं टिपत राहतात. चारा थोडा थोडा टाकायचा तो याच कारणाने.

पहिला रविवार: नुसतं बघायचं

सूर्य उगवायच्या आधी पोचा. पाण्याची बाटली, टोपी, वही एवढंच न्या. काठापासून दहा पावलं मागे बसा, कारण माळव्यातली काळी माती पाय आपटला की थरथर पाण्यापर्यंत पोचवते आणि जवळचा मासा सरकतो.

मग बुडबुडे शोधा. तळातून वायूचे मोठे, एकाच जागी येणारे बुडबुडे निरुपयोगी आहेत, ते कुजणाऱ्या पाल्याचे. साबुदाण्याएवढे, फेसासारखे, झुपक्याने येणारे आणि हात-दीड हात पुढे सरकत जाणारे बुडबुडे दिसले तर खाली मृगळ नाहीतर सायप्रिनस चिखलात तोंड घालून चरतो आहे. त्याच्याभोवती पाणी चहाच्या रंगाचं होतं. ही जागा वहीत लिहा: कुठलं झाड समोर, कुठला दगड डावीकडे, किती वाजले.

रोहू पाठ दाखवतो. पाण्यावर एक गुळगुळीत वळसा येतो, लालसर पंख क्षणभर दिसतो आणि वर्तुळ पसरत जातं, आवाज जवळजवळ नाहीच. मोठा धपकन आवाज करून उडी मारणारा मासा खायला आलेला असतोच असं नाही, त्याच्या मागे जागा बदलत फिरू नका. उन्हाळ्याच्या शेवटी साचलेल्या पाण्यात पहाटे मासे काठाशी येऊन तोंड वासताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी झालाय. तेव्हा त्यांना भूक नसते. घरी जा.

मग जमीन बघा. धरणाचं पाणी पसरायच्या आधी तिथे नाला होता, बांध होता, बैलगाडीची वाट होती. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर हे सगळं उघडं पडतं, आणि तेव्हा मोबाइलवर काढलेले फोटो ऑक्टोबरमध्ये लाखमोलाचे ठरतात. उथळ जिथे एकदम खोल होतं ती कड, बुडालेल्या बांधाची पायथ्याची बाजू, नाल्याचं तोंड, वनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची किनार, या माशांच्या येण्याजाण्याच्या वाटा. वारा दोन दिवस एकाच दिशेने वाहत असेल तर ज्या काठावर तो आदळतो तिथे अन्न जमतं. बसायला तो काठ त्रासाचा, पण मासा तिथे असतो.

ऋतूचं थोडक्यात. बंदी उठल्यापासून दिवाळीपर्यंत उत्तम काळ, विशेषतः गढूळपणा बसायला लागल्यावर. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र चांगलीच गारठते, पाणी थंड झालं की या माशांचं पचन मंदावतं, तेव्हा दुपारी अकरा ते चार बसा आणि चारा निम्मा करा. होळीनंतर पुन्हा खाणं वाढतं. मेमध्ये पहाट आणि तिन्हीसांजा, मधला वेळ सावलीत झोपा.

सामान

आता काठी. दहा ते बारा फुटांची भरीव लाठीबांबूची काठी, शेंड्याला लवचिक, अजूनही चांगलं काम करते. बांबू हिवाळ्यात तोडलेला, सावलीत वाळवलेला हवा. नाही मिळाला तर तेवढ्याच लांबीची फायबरची घडीची काठी घ्या. पहिले तीन-चार महिने रीळ नको. काठीएवढाच दोरा शेंड्याला बांधा आणि काठाजवळ मासे धरा. हाताला माशाचं वजन आणि वळण असं कळतं तसं रिळावर कळत नाही. दोन किलोच्या वरचा मासा यावर तुटून जाईल हे खरं, तेव्हा मोठ्या माशाच्या पाण्यावर जायला लागाल तेव्हा सुटा ताण देणारं रीळ घ्या.

दोरा ०.३० मिलिमीटरचा नायलॉन. गळाला आमच्याकडे काटाच म्हणतात. ६ किंवा ८ नंबरचा, आखूड दांड्याचा, जाड तारेचा घ्या. धार तपासायची पद्धत: टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकं ओढा. नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर फेकून द्या. नवा काटासुद्धा घसरतो.

गाठ एकच शिका, पण अंधारात बांधता येईल इतकी. दोरा काट्याच्या डोळ्यातून चार बोटं बाहेर काढा, ते टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, परत फिरवून डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून घाला, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली की नायलॉन तापून तिथेच कमजोर होतो आणि मासा नेमका तिथेच तोडतो.

दांडी म्हणजे तरंगणारी खूण. मोराने टाकलेल्या पिसाचा पांढरा दांडा वीतभर कापून, वरच्या टोकाला लाल रंग लावून आम्ही वापरतो. बाजारातली रंगीत प्लास्टिकची चालते, फक्त जाड नको. वजनाला शिशाचे मणी मिळतात. शिसं पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं तर विष आहे, तेव्हा पक्ष्यांच्या पाण्यावर बारीक लोखंडी नट बांधा. याशिवाय हातजाळी, ओलं गोणपाट, एक पक्कड. बाकी दुकानदार जे दाखवेल त्याला हात जोडा.

चारा आणि कणीक

चारा दोन प्रकारचा: पाण्यात टाकून मासे जमवायचा, आणि काट्याला लावायचा. दोघांचा वास एकच हवा.

जमवायचा चारा: शेंगदाण्याची पेंड दोन वाट्या, भाताचा कोंडा दोन वाट्या, जाडसर दळलेला मका एक वाटी. इंदूरच्या छावणी भागातल्या धान्यबाजारात हे सगळं मिळतं. पेंड तव्यावर कोरडी भाजा, घरभर शेंगदाण्याच्या चटणीसारखा वास सुटला की उतरवा. त्यात चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड आणि थोडी बडीशेप कुटून. मिसळून कोरडंच डब्यात न्या, आणि तळ्याचंच पाणी शिंपडून तिथे भिजवा. मूठ वळली की गोळा व्हावा आणि पाण्यात पडल्यावर तळाशी जाऊन मिनिटाभरात फुटावा. लिंबाएवढे पाच-सहा गोळे सुरुवातीला, मग दर वीस मिनिटांनी एक. नवशिके पहिल्याच तासात किलोभर चारा ओततात. मासा येतो, हवं तेवढं टिपतो, आणि तुमच्या काट्यावरची कणीक शंभरातली एक होऊन पडून राहते.

काट्याची कणीक हे माझं आवडतं काम, म्हणून जरा थांबते इथे. गव्हाचं पीठ तीन भाग, त्याच भाजलेल्या पेंडीची बारीक चाळलेली पूड एक भाग, थोडं बेसन. पाणी चमच्या-चमच्याने घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. मग वैद्याकडे मिळतो तसला स्वच्छ कापूस चिमूटभर घेऊन तो विंचरल्यासारखा सुटा करा आणि कणकेत मळत राहा, धागे दिसेनासे होईपर्यंत. दहा मिनिटं तरी लागतात. कापसाच्या त्या तंतूंनी गोळा काट्यावर टिकून राहतो. ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा. तपासायला स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, चण्याएवढा गोळा काट्याला लावून आत सोडा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत विरघळला तर सैल झाला, पीठ घाला. अर्ध्या तासानंतरही दगडासारखा असेल तर घट्ट झाला, कारण मासा तो ओढेल पण काट्याचं टोक त्यातून बाहेर येणार नाही. पंधरा-वीस मिनिटांनी कडा सुटायला लागल्या, पेल्यातलं पाणी दुधाळ झालं आणि गाभा काट्यावरच राहिला, म्हणजे जमलं. माझी आई या पेल्यावरून बाबांशी भांडायची, म्हणून आमच्या घरी त्यासाठी वेगळा पेला होता. तो अजून माझ्याकडे आहे.

पावसाळ्यानंतर गढूळ पाण्यात गांडूळ कणकेपेक्षा सरस. सायप्रिनस आणि गवत्याला उकडलेल्या मक्याचे दोन दाणे. कटल्यासाठी काही जण चाऱ्याच्या मोठ्या गोळ्याभोवती सहा-आठ काटे लटकवतात. मासा चारा चोखताना काटे त्याच्या गालात, डोळ्यात, कुठेही रुततात. मी ते करत नाही आणि शिकवतही नाही.

खोली मोजणं आणि दांडी वाचणं

दुसऱ्या रविवारी, वहीतल्या जागेवर, काठी घेऊन. आधी खोली. काट्याला एक जड नट अडकवा आणि पाण्यात सोडा. दांडी पूर्ण बुडाली तर दोरा कमी पडतोय, दांडी वर सरकवा. दांडी आडवी लोळली तर दोरा जास्त झालाय, खाली सरकवा. टोक नेमकं पाण्याच्या वर उभं राहिलं की तीच खोली. काठीवर दोऱ्याने मापून खूण करा. दोन-तीन हात इकडेतिकडे टाकून बघा, आणि जिथे खोली अचानक बदलते तिथेच चाऱ्याचे गोळे टाका.

रोहूसाठी आमिष तळापासून वीतभर वर ठेवा. मृगळ आणि सायप्रिनससाठी उलट: काट्यापासून तीन बोटांवर एकच मणी, आणि दांडी मोजलेल्या खोलीपेक्षा चार बोटं वर. मणी आणि आमिष दोन्ही तळावर टेकतात, दोरा हलका ताणला की दांडी उभी राहते आणि तिचं फक्त लाल टोक दिसतं.

आता बघत राहा. सुरुवातीला टोक सुईने टोचल्यासारखं थरथरतं, हे लहान मासे, तिलापिया वगैरे कणीक कुरतडताहेत. काही करू नका. दोरा ताठ असताना दांडी एकदा हलून बाजूला कलली आणि परत आली तर मोठा मासा शेजारून गेला, दोरा त्याच्या अंगाला लागला. तरीही काही करू नका. मग काही वेळाने दांडी बुडायच्या ऐवजी वर येऊ लागते. लाल टोकाखालचा पांढरा दांडा बोटभर दिसतो, मग दोन बोटं, आणि दांडी सावकाश आडवी पडते. पाण्यावर कसलाच आवाज नाही, तरंग नाही. खाली मृगळने आमिष तोंडात घेऊन डोकं वर उचललंय, मण्याचं वजन त्याने पेललंय, म्हणून दांडी मोकळी झाली. हाच क्षण. मनगटाने, खांद्याने नव्हे, काठी वितभर वर उचला. हिसका मारू नका, ओठ फाटतो. रोहूचं वेगळं असतं: दांडी एका बाजूला चालायला लागते आणि चालता चालता तिरकी पाण्याखाली जाते. ती पूर्ण दिसेनाशी झाल्यावर उचला.

मला पहिल्यांदा दांडी वर आलेली दिसली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि बाबांनी माझा हात धरून ठेवला. "अजून नाही... अजून नाही... आता." तेवढे तीन शब्द. पाऊण किलोचा नरेन होता.

मासा लागल्यावर

काठी उभी धरा, साठ अंशांच्या आसपास, म्हणजे तिची लवचिकता माशाला दमवते. काठी माशाकडे रोखली तर सगळा ताण दोऱ्यावर येतो. मासा ओढतोय तेव्हा ओढू द्या, थांबला की तुम्ही घ्या. तो झुडपाकडे वळला तर काठी आडवी करून विरुद्ध बाजूने ताण द्या. रोहूची पहिली धाव सर्वांत जोराची, ती निघून गेली की अर्धं काम झालं. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि मासा जाळीवर आणा, जाळी माशामागे फिरवू नका, त्यात पुष्कळ मासे सुटतात.

सायप्रिनसच्या पाठीवरच्या पंखाचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो. एकदा जवळपास तीन किलोचा सायप्रिनस अगदी जाळीशी आलेला असताना उलटला, दोरा त्याच्या पाठीवरून घासला आणि सुरीने कापावा तसा तुटला. त्याच्या तोंडात माझा काटा राहिला याची रुखरुख कित्येक दिवस होती. तेव्हापासून मी दोऱ्याचा शेवटचा हातभर भाग जरा जाड बांधते.

हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेल्या माशाला तिथे बुरशी लागते. सोडायचा असेल तर ओल्या गोणपाटावर ठेवून काटा पकडीने काढा, मग पाठ वर ठेवून पाण्यात दोन्ही हातांनी आधार द्या. तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत सोडू नका. घरी न्यायचा असेल तर लगेच डोक्यावर एक घाव घालून मारा. तडफडत ठेवणं क्रूर आहे आणि मांसही मऊ पडतं.

कासव लागलं तर ओढून वर आणताना ओरबाडू नका. गोड्या पाण्यातली बहुतेक कासवं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. काटा दिसत असेल तर पकडीने, नाहीतर तोंडाशी दोरा कापून लगेच पाण्यात.

नर्मदा, आणि बाकीचे धोके

बडवाह, मंडलेश्वर, महेश्वर ही नावं ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. तिथे महसीर आहे, नर्मदाकाठची माणसं त्याला बाडस म्हणतात. तळहाताशी तुलना करावी एवढे खवले, सोनेरी झाक, जाड ओठ, चार मिशा. २०११ पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, आणि धरणांमुळे वाहतं, खडकाळ पाणी कमी झाल्याने तो फार घटला आहे. चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडा. घाटांजवळ तर गळ टाकूच नये. तिथे आयाबाया नर्मदामाईचं नाव घेऊन माशांना पिठाच्या गोळ्या घालतात, तो विश्वासाने काठाशी येणारा मासा आहे.

नर्मदेचा खरा धोका पाण्याच्या पातळीचा. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की ऊन पडलेल्या, ढग नसलेल्या दिवशीही नदी चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या स्नानाला जमलेले कितीतरी यात्रेकरू अशाच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. मधल्या खडकावर बसून गळ टाकणारा माणूस मला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. काठाच्या दगडावर पाण्यालगत खडूने खूण करा, खूण बुडाली की सामान न आवरता वर या. नर्मदेत मगरीही आहेत, तेव्हा मासे धुवायला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं नाही.

बाकी सगळीकडे: पाणी उतरलेल्या काठाची काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आत मांडीभर चिखल असतो, काठीने टोचत पुढे जा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, विजेच्या तारांखाली काठी उभी करू नका आणि गडगडाट ऐकू आला की ती आडवी ठेवून दूर व्हा. एकट्याने जाऊ नका.

घरी आल्यावर

तळ्यातल्या माशाला मातीचा वास असतोच. तुकडे हळद, मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवा, ते पाणी फेकून द्या, पोटातला काळा पापुद्रा खरवडून काढा. रोहू-मृगळमध्ये मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात. मुलांना शेपटीकडचा भाग देऊ नका, पोटाकडचा द्या.

वही त्याच रात्री भरा: तारीख, पाण्याची पातळी, वारा, किती वाजता पहिली टोच, कुठल्या आमिषाला. काही लागलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा. बाबांच्या वहीत "काही नाही. पूर्वेचा वारा." अशी पानंच्या पानं आहेत.

मग दोरा. शेवटचे दोन हात दर फेरीनंतर कापून टाकायचे, खडकावर घासून तो भाग कमजोर झालेला असतो. कापलेला तुकडा, आणि काठावर दुसऱ्यांनी टाकलेला सापडला असेल तोही, कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. एका ऑक्टोबरात उथळ पाण्यात एक सारस मला लंगडताना दिसला होता. दोन्ही पायांना नायलॉन गुंडाळलेलं होतं आणि जवळ जाऊ देत नव्हता.